जावळाचं टोपरं आणि सुटलेली कड

भोरच्या बाजारपेठेत माझं तांदळाचं दुकान आहे. माणूस म्हणून मी कसा आहे हे घरच्यांना विचारू नये, पण पोतं शिवण्यात माझा हात धरणारा पेठेत दुसरा नाही. दाभणात सुतळी ओवायची, पोत्याचं तोंड दुमडायचं, भराभर टाके घालत जायचं आणि कडेला आलं की जोरात हिसका देऊन कोपऱ्याला कान काढायचा. हमालाला पोतं उचलायला तो कान लागतो. माझ्या पोत्याचा कान तुटून कुणाच्या हातात आला, असं कधी झालेलं नाही. अशा माणसाने गेल्या थंडीत राणी रंगाची लोकर आणि दोन सुया घेऊन गल्ल्यावर बसावं, ही गोष्ट पेठेला पचायला जडच गेली.

त्याला कारण आईचं मनगट. ओट्यावर वाळत घातलेल्या तांदळावर कोंबडी चढली, तिला हाकलायला आई धावली. कोंबडी निसटली आणि आई पडली. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. "दीड महिना हा हात कामाला लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. दुखतंय का, किती दुखतंय, यातलं काही न बोलता आई म्हणाली, "आन् टोपरं?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

माझी धाकटी बहीण पासलीला दिली आहे. वेल्ह्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीतलं भातशेतीचं गाव. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिच्या घरी पाळणा हलला नव्हता. विचारणारे विचारून थकले, मग विचारायचे थांबले, आणि सगळे थांबल्यावर पोरगी झाली. आता ती अकरा महिन्यांची होती. जावळ वर्षाच्या आत काढायचं, नाहीतर मग थेट तिसऱ्या वर्षी. म्हणून तिच्या सासरच्यांनी दिवस ठरवून टाकला होता. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं, हे तर सगळीकडेच. आमच्याकडे त्याला आणखी एक शेपूट आहे. वस्तरा फिरून मोकळ्या झालेल्या त्या डोक्यावर पहिलं टोपरं चढतं ते आजोळचं, आणि ते आजीने स्वतः विणलेलं असतं. माझ्या दोन्ही पोरांना आईने विणलं, थोरल्या बहिणीच्या तिघांना विणलं. ही एकच नात राहिली होती, आणि नेमका हिच्या वेळी हात प्लास्टरमध्ये.

"विकतचं आणू की," घरी आल्यावर मी म्हणालो. "पुण्यात एकेक काय सुंदर मिळतात!"

आईने तोंड फिरवलं. आमची आई गप्प बसली की घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकून वाजते. संध्याकाळपर्यंत ती खिडकीशी बसून होती. मग म्हणाली, "समद्यांची क्येली. जिची लई वाट बगितली, तिचंच तेवढं ऱ्हायलं."

मी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका," बायको म्हणाली. "मला शर्टाचं बटण लावताना दोनदा सुई टोचते. आणि आजोळचं म्हणजे तुमच्याकडचं. तुम्हीच बघा."

"मी?"

"मग कोण?" आई एकदम खिडकीपासून वळली. बायकोने गमतीने टाकलेला शब्द तिने वरच्या वर झेलला होता. "पोती शिवतोस नव्हं? हात तुजं, त्वांड माजं."

तोंडाची बाजू आईने त्या दिवसापासून जी सांभाळली, ती काही विचारू नका.

टोपऱ्याची रीत तशी सोपी. कपाळाच्या बाजूला टाके घालून सुरुवात करायची आणि डोक्याच्या मागच्या बाजूपर्यंत सरळ विणत जायचं. एक लांबट चौकोन होतो. त्याच्या डाव्या-उजव्या कडा मानेशी येतात आणि त्या कडांच्या टाक्यांतून बंद ओवायचा, तो हनुवटीखाली बांधायचा. शेवटच्या ओळी आणि मागची शिवण मात्र आई आधी कधीच करत नाही. पोराचं डोकं केसांसकट एक असतं आणि केस गेल्यावर दुसरंच निघतं, असं तिचं म्हणणं. म्हणून टोपरं सुईवर असतानाच न्यायचं, तुळतुळीत डोक्यावर धरून बघायचं आणि तिथेच बसून बंद करायचं.

पहिल्या दिवशी मी वीतभर रुंदीचं जे काही केलं, ते आईने डाव्या हाताने उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "आरं, टोपरं इणतोयस का पोतं शिवतोयस? कडंला कान कशापायी काढलंस?"

खरंच काढले होते. ओळ संपली की माझा हात आपोआप हिसका द्यायचा. त्यामुळे कडेचे टाके इतके आवळले जायचे की पुढच्या ओळीत त्यांच्यात सुईच शिरेना. चौकोनाच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जाऊन कोपरे वर आले होते. आमच्या जुन्या हमालाने ते दुकानात बघितलं आणि कोपरा चिमटीत धरून उचलून दाखवला. "मालक, पकड बेस आलीया," तो म्हणाला. "ह्यात भरनार काय?"

सगळं उसवलं. पुन्हा घातलं. पुन्हा कान. पुन्हा उसवलं. लोकर इतक्यांदा उसवली गेली की तिचे केस उभे राहिले. बायको जाता-येता गुंड्याकडे बघून "आज किती उलगडलं?" असं विचारायची. विणलं किती, हे विचारण्याइतकी ती दुष्ट नव्हती.

हळूहळू हात बसला. टाके सुटायचे, पण ते उचलायला आईने शिकवलं. मधला टाका सुटला की त्याची खाली शिडी होते. क्रोशाच्या सुईने शिडीचा एकेक दांडा टाक्यातून ओढून घेत वर चढायचं आणि टाका परत सुईवर बसवायचा. हे मला इतकं आवडलं की मधेच एखादा टाका सुटला तर बरं, असं वाटू लागलं. सुटला की मी हाक मारून बायकोला दाखवायचो, आणि उचलला की पुन्हा हाक मारायचो. तिसऱ्या हाकेला ती यायची बंद झाली.

"कडंचा टाका निराळा बरं का," आई म्हणायची. "त्याला शिडी नसती. नुसता फास लोंबतो. एका फासात दोन वळी असत्यात. खालची बाजू आदी वढायची, मंग वरची."

"बरं, बरं," मी म्हणायचो. माझी कड इतकी घट्ट. तिथला टाका कशाला सुटतोय!

आणि तिथलाच सुटला. दुपारच्या वेळी दुकानात विणत होतो. ओळ पुरी करून नुकतीच दुसरी सुरू करत होतो, तेवढ्यात इंद्रायणी विचारत एक बाई आल्या. मी विणकाम घाईघाईने रिकाम्या पोत्याखाली सरकवलं. त्या बाईंनी इंद्रायणी बघितली, आंबेमोहोर हुंगला, कोलम चावून बघितला आणि काही न घेता गेल्या. पुढची ओळ विणून झाल्यावर टाके मोजले, तर एक कमी.

आता माझी सगळी हयात काट्यासमोर गेलेली. माल कमी भरला की मूठभर तांदूळ टाकायचा. काटा सरळ झाला की व्यवहार मिटला. टाका कुठे गेला, हे शोधायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कडेला लोकरीचा एक वेढा सुईवर घेतला, पुन्हा मोजले. बरोबर भरले. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी एक चहा मागवला.

पुढे आठवडाभर टोपरं झपाझप वाढलं. आईला मी रोज दाखवायचो, पण सुईवर गोळा केलेलं आणि लांबून. तीही म्हणायची, "आता बरं हाय." तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी जरा हसू दिसत होतं. दुकानात येणारे तिचे निरोपही बदलले. आधी "लोकर वाया घालवू नगंस" असायचं, ते "वेळंत जेव" असं झालं.

जावळाच्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं माझ्या मालाच्या टेम्पोतून निघालो. मी चालवायला, मध्ये आई, खिडकीशी बायको. आईच्या मांडीवर टोपरं, सुया आणि गुंडा. वेल्हं मागे टाकलं आणि वळणं सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात काढून झालेली खाचरं, कडेला पेंढ्याच्या गंज्या. बहिणीचे दोन फोन येऊन गेले होते: न्हावी आलाय, कुठवर आलात? मी गाण्याची एक ओळ गुणगुणत होतो, ती मधेच तुटली. कारण आई म्हणाली, "टेम्पो थांबीव."

"उलटी होतेय का?"

"थांबीव म्हन्ते ना."

मी टेम्पो कडेला घेतला. आईने डाव्या हाताची बोटं टोपऱ्याच्या कडेवरून वरून खाली नेली, एका जागी थांबवली आणि मला म्हणाली, "बोट घाल हितं."

मी घातलं. बोट आरपार गेलं.

सुईवर टाके पुरते होते, पण खाली, मी तो वेढा घातला होता त्या जागी, खरा कडेचा टाका सुटलेला होता. आठवडाभर हाताळून हाताळून तो कितीतरी ओळी खाली उतरला होता आणि कडेला लोकरीचे मोठाले फास लोंबत होते. वरची नवी कड म्हणजे भिंत नसलेल्या जागी लावलेलं दार.

"ह्यातनं बंद ववला की पोर पयल्यांदा वढंल तवाच समदं उसवंल," आई म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त टोपरं मांडीवर सरळ करत राहिली, फास एका बाजूला नीट लावत राहिली. तिचा उजवा हात मदतीला यायला बघत होता आणि प्लास्टरबाहेरची बोटं नुसतीच हलत होती.

"चला," बायको म्हणाली. "न्हावी खोळंबलाय. तिथे गेल्यावर करा काय ते."

पासलीला पोचलो तर अंगणात सगळं मांडून तयार. पाट, ओवाळायचं ताट, पितळेच्या तांब्यात कोमट पाणी, आणि मुंडासं बांधलेला न्हावी वस्तऱ्याला धार देत बसलेला. बहिणीच्या सासूबाई पुढे आल्या. त्यांना मी मावशी म्हणतो. धिप्पाड बाई, आवाज डोंगरापलीकडे जाणारा. त्यांनी आईचा हात बघितला, मग दुसऱ्या हातातलं टोपरं बघितलं, त्याचे लोंबते फास बघितले.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "विहीणबाई, काळजी करू नगा. म्या आनून ठिवलीया येक." आणि घरातून एक टोपी घेऊन आल्या. पांढरी, मऊसूत, वर अस्वलाचे दोन कान. "लेकानं पुन्यास्नं आनली. आसू द्या म्हनलं अडीनडीला."

टोपी सुंदर होती, हेच वाईट होतं. मावशींच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे त्याहून वाईट. आई "बरं केलंत" म्हणाली आणि पायरीवर बसली. मी आईला पडताना बघितलं होतं, प्लास्टर घालताना बघितलं होतं. तेव्हाही तिचा चेहरा इतका लहान झालेला नव्हता.

मला बोलायला वेळ मिळालाच नाही. बहिणीने भाची माझ्या मांडीवर आणून बसवली आणि न्हाव्याने डोक्याला पाणी लावलं. पोरीने आधी न्हाव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि या दोघांत जास्त संशयास्पद मीच, असं ठरवून माझी मिशी धरली.

"मामा, हलू नगा," न्हावी म्हणाला.

"मी कुठे हलतोय, तीच ओढतेय."

"तवा वढू द्या. मिशी परत येती."

केस गळत होते, पोरगी रडायचं की हसायचं ते ठरवत होती, आणि मी पायरीवरच्या आईकडे बघत होतो. वस्तरा फिरून संपला तेव्हा मांडीवर एक छोटंसं, चकचकीत, गंभीर डोकं उरलं. हुबेहूब आमच्या वडिलांचं. केसांत ते इतके महिने लपलं होतं. बहीण बघत राहिली आणि एकदम हसायलाच लागली. मग ती पोरीला आंघोळीला घेऊन गेली.

मी उठलो आणि सरळ पायरीवर आईशेजारी जाऊन बसलो. "क्रोशाची सुई दे."

"न्हाई व्हायाचं आता. पोर न्हाऊन येईस्तवर..."

"तू तोंड चालव. हात माझे."

आईने पिशवीतून सुई काढून दिली. मावशी वाकून म्हणाल्या, "आणा हिकडं, म्या धरू लागते."

"नगं विहीणबाई," आई झटकन म्हणाली. "आजोळचं हाय. त्येच्याच हातनं हू द्या." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी वेगळ्या आवाजात, "आदी त्यो खोटा टाका सोड."

सुईवरून कडेचा टाका सोडला आणि मी घातलेली सगळी नवी कड ओढून उलगडली. आधीच सुटलेलं आणखी सोडायचं, हे काट्यावर मोजणाऱ्याला जमत नाही. आता कडेला खालपासून वरपर्यंत फासच फास.

"सुलट बाजू म्होरं घे. तळाला जो टाका जित्ता हाय, त्यात सुई घाल. हां. पयल्या फासाची खालची बाजू धर. खालची! वढून घे. झाला येक. आता त्योच फास, वरची बाजू. वढ. आरं, हळू! पोतं न्हाई त्ये."

एका फासात दोन टाके. खालची बाजू, वरची बाजू. दुसरा फास. अंगणात सगळे गोळा झाले होते. न्हावी वस्तरा पुसत उभा होता, तो म्हणाला, "मामा, घाम पुसा, लोकर भिजंल." बायको माझ्या मागे उभी राहून उरलेले फास मोजत होती. एका जागी, बहुधा जिथे ती इंद्रायणीवाली बाई आली होती तिथेच, धागा पुरेना. टाका सुटला होता त्या ओळीत कडेसाठी लोकर राहिलीच नव्हती. "शेजारच्याकडनं थोडी थोडी माग," आई म्हणाली. तिने डाव्या हाताच्या बोटाने बाजूचे टाके एकेक करून ढिले करत लोकर माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली. टाका वर चढला. वरच्या सुईवर शेवटचा टाका बसवला तेव्हा आतून पोरीच्या रडण्याचा आवाज दाराशी आला होता.

टॉवेलात गुंडाळलेलं डोकं बाहेर आलं. टोपरं त्यावर धरून बघितलं. केसांसकट मोजून ठरवलं होतं त्यापेक्षा दोन ओळी आधीच थांबावं लागलं. आईचं खरं निघालं. मी टाके बंद केले आणि मागची शिवण घातली. शिवायचं काम आलं तसा मला माझा हात परत मिळाला, मावशी म्हणाल्यासुद्धा, "शिवतोय मातुर झ्याक." बायकोने दोन्ही कडांतून बंद ओवला. आईने कड बोटांनी चाचपली, पार टोकापर्यंत. एका ठिकाणी बोट अडलं. ती माझ्याकडे बघणार, असं वाटलं, पण बोट पुढे गेलं.

टोपरं भाचीच्या डोक्यावर चढलं. आईने डाव्या हाताने बंदाचं एक टोक धरलं आणि तशीच थांबली. एका हाताने गाठ बसत नाही, हे इतक्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मी पुढे होणार तेवढ्यात बायकोने माझी बाही ओढली. मावशींनी हातातली अस्वलाची टोपी पदराखाली सरकवली, खाली वाकल्या आणि बंदाचं दुसरं टोक धरलं.

"विहीणबाई, तुमी असं घ्या, म्या असं घेते."

"तुमी वर. म्या खालनं काढते."

"लई आवळू नगा. पोरीला गिळाया यावं."

दोन म्हाताऱ्या, एकीचा डावा हात आणि एकीचा उजवा. गाठ पहिल्यांदा उलटी बसली, ती सोडली, पुन्हा घातली. भाचीने हे सगळं सोसून घेतलं आणि दोघी मागे सरल्याबरोबर बंद मुठीत धरून सगळ्या ताकदीनिशी खाली ओढला.

कड ताणली गेली आणि तिथेच राहिली. पोरीने आणखी एकदा ओढून बघितला, मग कंटाळून बंदाचं टोक तोंडात घातलं.

"टिकलं की हो," मावशी म्हणाल्या. "कडबी सरळ हाय."

"येक टाका आवळलाय डाव्या बाजूला," आई त्यांच्या कानाशी लागून म्हणाली. पण आईचं कुजबुजणं म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाणारं. "त्येला सांगू नगा. पयलाच हाय, उगा हिरमुसंल."

मी ऐकलं नाही असं दाखवून न्हाव्याला विडा द्यायला गेलो.